मिणीचा पापुद्रा आणि मावशीचा ओटा

एक होती चिचुंद्री. एवढुश्शी. बोटाएवढी.
नाक लांब. डोळे इवले इवले. नाव तिचं मिणी.

मिणी राहायची हौसामावशीच्या स्वयंपाकघरात. कोपऱ्यातल्या बिळात.

रोज सकाळी हौसामावशी खाली बसायची. परातीत पीठ मळायची. भाकरी थापायची.
थाप थाप थाप! थाप थाप थाप!
भाकरी तव्यावर जायची. मग शेगडीच्या जाळावर. आणि फुगायची. टम्म!

मग मावशी पहिल्या भाकरीचा पापुद्रा काढायची. पातळ पातळ. गरम गरम. फू फू फू करायची आणि कोपऱ्यात ठेवायची.
"मिणे, ये गं. तुझा पापुद्रा."
मिणी यायची. लुटुलुटु लुटुलुटु. पापुद्रा खायची. कुर्रुम कुर्रुम.

एक दिवस काय झालं?
थाप थाप आलंच नाही.
मिणीने बिळातून नाक काढलं. वास घेतला. सू सू सू. भाकरीचा वास नाही. कोपऱ्यात पाहिलं. पापुद्रा नाही!

मावशी खाटेवर बसली होती. गुडघ्याला फडकं बांधलं होतं. गुडघा सुजला होता.
"मिणे, आज भाकरी नाही गं," मावशी म्हणाली. "उभं राहता येतं. पण खाली बसवेना. वाकवेना. शेगडी खाली. परात खाली. पिठाचा डबा तोही खाली! कशी करू भाकरी?"

मावशीने मूठभर चुरमुरे खाल्ले. वर पाणी प्यायली. चार चुरमुरे मिणीला दिले.
मावशीचे डोळे ओले झाले.
"एक ओटा हवा होता बघ. लाकडी. माझ्या कोपराएवढा उंच. वर शेगडी, खाली खण. खणात पीठ, खणात परात. उभ्या उभ्या भाकरी थापली असती. पण सुताराकडे जाणार कोण? माझे पाय तर चालत नाहीत."

मिणीने मावशीकडे पाहिलं. आपल्या पायांकडे पाहिलं. चार पाय. इवले इवले. पण चालत होते!
मिणी निघाली.

लुटुलुटु लुटुलुटु, मिणी गेली सुतारदादाकडे.

सुतारदादा पडवीत बसला होता. शेजारी फळ्यांचा ढीग. मांडीवर करवत.
मिणी म्हणाली,
"सुतारदादा, सुतारदादा, ओटा कर ना!
मावशीला वाकवेना,
भाकरी काही होईना,
मला पापुद्रा मिळेना!"

सुतारदादा म्हणाला, "हौसामावशीला ओटा? करतो की! पण ही करवत बघ. बोथट झाली. कापत नाही, नुसती कुरकुरते."
त्याने करवत ओढून दाखवली. कुर्र... कुर्र... फळीवर ओरखडासुद्धा नाही!
"धारवाल्या चाचाने धार लावली, तर ओटा करीन. धार नाही, तर ओटा नाही!"

लुटुलुटु लुटुलुटु, मिणी गेली धारवाल्या चाचाकडे.

धारवाला चाचा पिंपळाखाली उभा होता. शेजारी त्याची सायकल. सायकलवर धार लावायचा दगड. चाचाने पायडल मारलं की दगड फिरायचा. ठिणग्या उडायच्या. चर्र चर्र चर्र! आज मात्र दगड गप्प.
मिणी म्हणाली,
"चाचा, चाचा, धार लाव ना!
दादा ओटा करीना,
मावशीला वाकवेना,
भाकरी काही होईना,
मला पापुद्रा मिळेना!"

चाचा म्हणाला, "अरे बेटा, लावली असती. पण पट्टा तुटला. टाक्! पट्ट्याशिवाय दगड फिरणार कसा?"
त्याने पायडल मारलं. पाय फिरले गरगर. दगड हललाच नाही.
"मोचीमामाने पट्टा शिवला, तर धार लावीन. पट्टा नाही, तर धार नाही!"

लुटुलुटु लुटुलुटु, मिणी गेली मोचीमामाकडे.

मोचीमामा एसटीच्या थांब्यावर बसायचा. आज तो पेंगत होता. घुर्रर्र... घुर्रर्र...
मिणी त्याच्या बुटावर चढली. बुटावरून गुडघ्यावर चढली.
"मामा, मामा, पट्टा शिव ना!
चाचा धार लावीना,
दादा ओटा करीना,
मावशीला वाकवेना,
भाकरी काही होईना,
मला पापुद्रा मिळेना!"

मामाने एक डोळा उघडला. मग दुसरा.
"शिवला असता गं बाळ. पण नुसता बसून आहे. दोऱ्याला लावायला मेण नाही. कोरडा दोरा चामड्यात टिकत नाही. हे बघ."
मामाने दोरा ओढला. टुक्! तुटला.
"मधमाशीने मेण दिलं, तर पट्टा शिवीन. मेण नाही, तर शिवण नाही!"

लुटुलुटु लुटुलुटु, मिणी गेली मधमाशीकडे.

मधमाशीचं पोळं चिंचेवर. उंच उंच. मिणी खाली. एवढुश्शी.
"ताई, ताई!" मिणी ओरडली. माशीला ऐकूच गेलं नाही.
मिणी दगडावर चढली. दोन पायांवर उभी राहिली. नाक वर केलं. मोठ्ठ्याने ओरडली,
"ताई, ताई, मेण दे ना!
मामा पट्टा शिवीना,
चाचा धार लावीना,
दादा ओटा करीना,
मावशीला वाकवेना,
भाकरी काही होईना,
मला पापुद्रा मिळेना!"

गुंऽऽऽ! माशी खाली आली. मिणीच्या नाकाभोवती फिरली.
"केवढं गं तुझं हे गाऱ्हाणं!" माशी म्हणाली. "मेण दिलं असतं. पण मेण येतं मधातून. मध येतो फुलातून. आणि फूल कुठंय? सकाळपासून फिरते आहे. एक फूल दिसलं नाही. भोपळ्याचा वेल फुलला, तर मेण देईन. फूल नाही, तर मेण नाही!"

लुटुलुटु लुटुलुटु, मिणी गेली भोपळ्याच्या वेलाकडे.

वेल कुंपणावर पडला होता. पानं मलूल. माना खाली. मिणीने त्याच्या पानाला नाक लावलं. पान सुकलेलं. चुरचुरीत.
मिणी हळूच म्हणाली,
"वेला, वेला, फूल ना!
ताई मेण देईना,
मामा पट्टा शिवीना,
चाचा धार लावीना,
दादा ओटा करीना,
मावशीला वाकवेना,
भाकरी काही होईना,
मला पापुद्रा मिळेना!"

वेल म्हणाला, "फुललो असतो. कळ्या आहेत माझ्याकडे. मोज."
मिणीने मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात!
"पण तहान लागलीय गं. घसा सुकलाय. कळी उघडायला जोर लागतो. जोर कुठून आणू? पाणी आलं, तर फुलेन. पाणी नाही, तर फूल नाही!"

लुटुलुटु लुटुलुटु... आता मिणीचे पाय दुखायला लागले. तरी मिणी गेली. पाण्याकडे गेली.

पाणी होतं बांधापलीकडे. खड्ड्यात साठलेलं. डुबुक डुबुक करत. बांधात एक नळी. एका टोकाला पाणी, दुसऱ्या टोकाला वेलाचा वाफा. पाणी नळीतून यायचं आणि वाफ्यात पडायचं. पण आज नळी कोरडी ठाक!
मिणी बांधावर चढली. धापा टाकत म्हणाली,
"पाण्या, पाण्या, ये ना!
वेल काही फुलेना,
ताई मेण देईना,
मामा पट्टा शिवीना,
चाचा धार लावीना,
दादा ओटा करीना,
मावशीला वाकवेना,
भाकरी काही होईना,
मला पापुद्रा मिळेना!"

पाणी म्हणालं, "आलो असतो गं पोरी! पण येऊ कुठून? नळीत पाचोळा अडकलाय. माळ्याने हात घातला. हात जाईना. काठी घातली. नळी वाकडी, काठी वळेना. वाट मोकळी झाली, तर येईन. वाट नाही, तर पाणी नाही!"

मिणीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं.
"आता कुणाकडे जाऊ?"
पाणी म्हणालं, "कुणाकडे? आता पुढे कुणीच नाही."

पुढे कुणीच नाही! मिणी मटकन खाली बसली. तिला रडू आलं.
तिला मावशी आठवली. खाटेवर बसलेली. एक हात गुडघ्यावर. उद्याही भाकरी नाही. परवाही नाही. मावशी रोज चुरमुरे खाणार. रोज नुसते चुरमुरे!

मिणीने डोळे पुसले. बांधावरून उतरली. वाफ्याच्या बाजूने नळीत डोकावली.
नळी अरुंद. हात जात नाही.
नळी वाकडी. काठी जात नाही.
पण चिचुंद्री? चिचुंद्री बोटाएवढी!

आत काळोख होता. काळाकुट्ट. मिणीला भीती वाटली. छातीत धडधड झाली. धक धक, धक धक.
"मिणे, सांभाळ गं," वेल म्हणाला.
मिणीने आधी नाक घातलं. मग डोकं घातलं. मग सगळी मिणी आत गेली.
डोळ्यांना काही दिसेना. पण नाक होतं ना! सू सू सू. इथे माती. सू सू सू. इथे शेवाळं. सू सू सू. पाचोळा!

मिणीने एक पान तोंडात धरलं. ओढलं. बाहेर आणून टाकलं.
परत आत. दुसरं पान. ओढलं. टाकलं.
परत आत. तिसरं पान. ओढलं. टाकलं.
चौथं पान हलेना. घट्ट बसलेलं. मिणीने पाय रोवले. दात रोवले.
"पाण्या," ती दातांतून म्हणाली, "तू पलीकडून ढकल. मी अलीकडून ओढते."
"एक," पाणी म्हणालं.
"दोन," मिणी म्हणाली.
"साडेमाडे... तीन!"

सट्! पान निघालं.
घळघळघळघळ! पाणी सुटलं!
पाण्याबरोबर मिणीही सुटली. नळीतून सुईंऽऽ! वाफ्यात धप्पकन!
चिंब भिजली. नाकात चिखल. शेपटीला शेवाळं. मिणीने अंग झटकलं. फुर्रर्र!
"आलं!" मिणी ओरडली. "पाणी आलं!"

वेलाने पाणी प्यायलं. घट् घट् घट्. मान वर केली. पानं हलवली. सळसळ सळसळ.
"आता थोडं थांब," वेल म्हणाला. "कळ्या सकाळी उघडतात."
मिणी थांबली. वेलाच्या पानाखाली झोपली. दमली होती बिचारी.

सकाळी डोळे उघडले, तर काय!
एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात! सात पिवळी फुलं! मोठ्ठी मोठ्ठी!

पाणी आलं, वेल फुलला.

गुंऽऽऽ! माशी आली. या फुलात शिरली. त्या फुलात शिरली. सगळी पिवळी पिवळी होऊन बाहेर आली. पोटभर मध प्यायली. पोळ्यावर गेली. मेणाची छोटीशी गोळी घेऊन खाली आली.
"हे घे मेण. पडू देऊ नकोस हं."

पाणी आलं, वेल फुलला, ताईने मेण दिलं.

लुटुलुटु लुटुलुटु, मिणी धावली मोचीमामाकडे.
आज मामा पेंगत नव्हता. वाट बघत होता. चाचाही पट्टा घेऊन तिथेच बसला होता.
मामाने दोरा मेणावर ओढला. सुईत ओवला. पट्ट्यात घातला. सुईं सटक! सुईं सटक!
"ओढून बघ रे चाचा."
चाचाने ओढला. मामाने ओढला. मिणीसुद्धा लोंबकळली. पट्टा तुटला नाही!

पाणी आलं, वेल फुलला, ताईने मेण दिलं, मामाने पट्टा शिवला.

चाचाने पट्टा सायकलला लावला. सुतारदादाला हाक मारली. "आण रे तुझी करवत!"
पायडल मारलं. दगड फिरला. चर्र चर्र चर्र! ठिणग्या उडाल्या. मिणी चाचाच्या टोपलीमागे लपली.
"घाबरू नको बेटा. झालं, झालं."
करवत लखलखली. एक एक दात टोकदार झाला.

पाणी आलं, वेल फुलला, ताईने मेण दिलं, मामाने पट्टा शिवला, चाचाने धार लावली.

सुतारदादा आधी मावशीच्या घरी गेला.
"मावशी, उभी राहा बघू. हात वाकव. कोपर कुठे येतं?"
मावशी भिंतीला धरून उभी राहिली. दादाने जमिनीपासून कोपरापर्यंत मोजलं. कानावरची पेन्सिल काढली. फळीवर खूण केली.
"तुला कुणी रे पाठवलं?" मावशीने विचारलं. "मी तर कुणाला निरोप दिला नाही."
दादा नुसता हसला.

मग करवत चालली. सर्र सर्र! सर्र सर्र!
मग रंधा चालला. सुईंऽऽ! सुईंऽऽ! लाकडाची कुरळी कुरळी साल निघाली.
मग हातोडा चालला. ठक ठक ठक! ठक ठक ठक!
एक दिवस गेला. दुसरा दिवस गेला.

ओटा झाला! लाकडी. मावशीच्या कोपराएवढा उंच.
चार पाय. डगमगत नाहीत.
वर रुंद फळी. गुळगुळीत. तिच्यावर शेगडी.
खाली खण. पहिला खण पिठाच्या डब्याचा. दुसरा खण परातीचा. तिसऱ्या खणात तिखट, मीठ, हळद, जिरं.
खण ओढला की सर्रर्र. लोटला की टक्.

पाणी आलं, वेल फुलला, ताईने मेण दिलं, मामाने पट्टा शिवला, चाचाने धार लावली, दादाने ओटा केला!

मावशी ओट्यापुढे उभी राहिली. वाकायचं नाही. बसायचं नाही. तिने पहिला खण ओढला. सर्रर्र! पीठ हाताशी. दुसरा खण ओढला. सर्रर्र! परात हाताशी.
मावशीने पीठ मळलं. गोळा घेतला. आणि...

थाप थाप थाप! थाप थाप थाप!

भाकरी तव्यावर. भाकरी जाळावर. भाकरी टम्म!

दारात सगळे जमले होते. दादा होता. चाचा होता. मामा होता. माशी चौकटीवर बसली होती.
"मावशी, पहिली भाकरी कुणाला?" मामाने विचारलं. "दादाला दे. त्याने ओटा केला."
दादा म्हणाला, "मला कशी? करवतीला धार कुठे होती? चाचाला दे."
चाचा म्हणाला, "मला नको. पट्टा मामाने शिवला."
मामा म्हणाला, "मेण माशीचं."
माशी म्हणाली, "गुंऽऽ! फुलं वेलाची. वेलाला पाणी मिळालं म्हणून."
"आणि पाण्याची वाट कुणी मोकळी केली?" मावशीने विचारलं.
सगळ्यांनी खाली पाहिलं.

खाली मिणी बसली होती. नाकाला अजून थोडा चिखल लागलेला.

मावशीने तोंडावर हात ठेवला.
"अगं माझ्या बाई! तू गेली होतीस? एवढुश्शी तू? एवढी वणवण केलीस?"
मिणीने नुसतं नाक हलवलं. सू सू सू.

मावशीने पहिल्या भाकरीचा पापुद्रा काढला. पातळ पातळ. गरम गरम. फू फू फू केलं.
मिणीला आज कोपऱ्यात जावं लागलं नाही. दादाने तिला तळहातावर घेतलं. हळूच ओट्यावर ठेवलं.
"घे, मिणे," मावशी म्हणाली. "आधी तुझा मान."
कुर्रुम कुर्रुम कुर्रुम! सगळाच्या सगळा खाल्ला!
मग मावशीने भाकऱ्या थापल्या. थाप थाप थाप! सगळ्यांना वाढल्या. वर तूप, शेजारी चटणी. शेवटची भाकरी स्वतः घेतली. खुर्चीवर बसून जेवली. पोटभर.

जेवण झालं. मिणीचं पोट टुम्म झालं. तिला डुलकी आली.
"थांब हं," सुतारदादा म्हणाला. तो ओट्याच्या मागे गेला. तिथे अगदी तळाशी एक इवलासा चौथा खण होता. त्याला कडी नव्हती. गोल भोक होतं. बोटाएवढं!
आत रंध्याची कुरळी कुरळी साल पसरलेली. मऊ मऊ.
"हा कुणाचा खण?" चाचाने विचारलं.

मिणीला सांगावंच लागलं नाही. ती केव्हाच आत शिरली होती. गोल वळून झोपली होती. भोकातून फक्त तिचं नाक दिसत होतं.

शूऽऽ! हळू बोला.
आपण गोष्टीची घडी करू, खणात ठेवू, खण आत लोटू.
सर्रर्र... टक्.